बांध ओलांडलेली बुरशी

पावसाची उघडीप पाहून सकाळी डाळिंबाच्या बागेत गेलो. कोवळ्या शेंड्यावरचा हिरवा मावा जागच्या जागी मरून पांढऱ्या लवेने झाकला होता. मी फवारलेल्या, कीड मारणाऱ्या मित्रबुरशीचे हे काम.

ही फवारणी मिळून करू, असे शेजारच्या तात्यांना विनवले होते. "बुरशी विकत घेऊन झाडावर मारायला मला वेड लागलंय का?" असे ते चारचौघांत म्हणाले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

आता दमट वाऱ्याबरोबर ती बुरशी बांधापलीकडे त्यांच्या झाडांवरही पोचली होती. भाव ठरल्याशिवाय मी कधी पेंढीभर कडबा दिलेला नाही. ही बुरशी मात्र मला न विचारता फुकट तिकडे गेली. माझे डोके तापले.

तेवढ्यात तात्या पाठीवर पंप घेऊन आले. "अण्णा, तुमची बुरशी इकडं घुसलीय. बुरशीनाशक मारतो."

वारा आता माझ्या बागेकडे फिरला होता. त्या औषधाने माझीही बुरशी मेली असती.

"मारू नका तात्या. मेलेल्या माव्यावरूनच ती पुढच्या माव्यावर जाते."

"मग काय देता?"

हा प्रश्न आयुष्यभर मी लोकांना विचारत आलो.

"चहा," मी म्हणालो. "पण दूध तुमचं."

तात्यांनी पंप खाली ठेवला.