दोन्हीकडचे काका

मला चारचौघांत मान खाली घालायला लावावी, ती आमच्या मावशीच्या यजमानांनीच. सांगलीचे हे काका आयुष्यभर पाहणीच्या कामात होते. यादीतून थोडी नावं उचलायची, तेवढ्यांनाच विचारायचं आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. गुळाच्या पाहणीला व्यापाऱ्यांची एक यादी आणि शेतकऱ्यांची दुसरी असली, की दोन्हींत सापडणारा माणूस दोनदा मोजला जाणार, या काळजीनं त्यांना अन्न गोड लागत नसे. असा माणूस प्रत्येक यादीत अर्धा धरायचा, हा त्यांचा कुळाचार. निवृत्तीनंतर याद्या गेल्या, खोड राहिली. माहुलीच्या घाटावर नात्यातल्या एका बाईंच्या दहाव्याला त्यांनी डोळे पुसणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, "तुमी बाईंच्या माहेरकडनं, का सासरकडनं?" ते म्हणाले, "दोन्हीकडून." काका समाधानानं म्हणाले, "मग हिकडं अर्धे, तिकडं अर्धे!" मी नदीकडे तोंड फिरवलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ताईच्या मुलाशी ठरलं. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच आहे. त्यामुळे मुलीकडची यादी मी साताऱ्यात लिहिली आणि मुलाकडची ताईनं सांगलीत, तरी बरीचशी नावं तीच. आचारी तर "पानं किती?" म्हणून मागे लागलेला. काका आपण होऊन धावून आले. दोन्ही याद्यांतली थोडी थोडी नावं उचलून त्यांनी फोन लावले. "घरची किती येणार? आणि दुसरीकडनंबी बोलावणं हाय का?" ताईच्या थोरल्या दिरांना तर "तुमाला हिकडं अर्धंच धरलंय" असं ऐकवलं. ते रुसले, आणि कऱ्हाडला जाऊन त्यांच्या पाया मला पडावं लागलं. सांगलीला परत निघताना काकांनी बजावलं, "सामाईक नावं दोघं वाटून घ्या रं. एका घरी दोनदा अक्षता नकोत." आम्ही फोनवरच वाटून घेतली.

लग्नात ना अन्न कमी पडलं, ना वाया गेलं. आचारीसुद्धा चकित झाला. ते सांगायला मी काकांना शोधू लागलो, तर मांडवात ना काका, ना मावशी. ताईला विचारलं. ती म्हणाली, "मुलीच्या बापाचा मान म्हणून मी त्यांना तुझ्याकडं सोडलं."

"आणि तू सांगलीतच राहतेस म्हणून मी तुझ्याकडं!"

पुढे आम्हा बहीणभावांना एकमेकांकडे बघवेना. ज्यांना दोघंही आपले म्हणत होतो, त्यांच्याच उंबऱ्याला अक्षता लागल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी लाडूंचा डबा घेऊन दोघं त्यांच्या दारात उभे राहिलो. ताई रडायलाच लागली. काका म्हणाले, "येडी का खुळी! आरं, माणूस दोनदा मोजला जाऊ नये, एवढंच मी जन्मभर बघितलं. एकदाबी मोजला न्हाई तर काय, हे कवा ध्यानातच घेतलं न्हाई. चूक माज्या पद्धतीची हाय." आमचा अपराध त्यांनी असा स्वतःच्या अंगावर ओढून घेतला, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं.

मावशीनं पाणी आणलं. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "काल सकाळपासनं फेटा बांधून बसले हुते. कुणीतरी न्यायला येईल म्हणायचे. दुपार कलल्यावर मीच सोडला."

"उकडत हुतं म्हणून सोडला," काका म्हणाले, आणि नवरीचा फोटो बघायला त्यांनी माझ्या मोबाइलसाठी हात पुढे केला.