ठिपकेबाईंचा अहवाल

शर्टाच्या कॉलरमागे बोटभर लांबीचं लेबल असतं. त्यावरची अक्षरं विणलेली आहेत की छापलेली, हे निरखून बघायला कोणाला वेळ असतो? ठिपकेबाईंनी मात्र तेवीस वर्षं दुसरं काही बघितलं नव्हतं. गिऱ्हाईकाकडून आलेलं चित्र संगणकावर चौकटींच्या जाळ्यात मांडायचं आणि प्रत्येक चौकटीत धागा वर की खाली हे एकेका ठिपक्यानं ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यावरून कारखान्यात नाव पडलं आणि इतकं घट्ट बसलं, की कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर त्या स्वतःच मागे वळून बघायच्या, कोणाला बोलावताहेत म्हणून.

त्यांची खोली मागांच्या दालनाला लागून होती. काचेच्या खिडकीवर धाग्यांची लव साचलेली, आणि टेबलावर तो जुना संगणक. त्यातली सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीनंच तिच्यावर कधीचं पाणी सोडलं होतं. सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. गिऱ्हाईकांची नवी चित्रं त्यात उघडायचीच नाहीत. मग बाई ती कागदावर छापून घेत आणि पट्टीनं मोजत पहिल्यापासून पुन्हा काढत. एका लेबलाला दीड दिवस जायचा. पण तो संगणक कुठे अडतो, अडला की कुठली कळ दोनदा दाबायची, हे त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. शिकायला म्हणून दोन वेगवेगळ्या वर्षी दोन बायका त्यांच्या शेजारी बसवल्या गेल्या. बाईंनी दोघींना एक कळ मुद्दाम चुकीची सांगितली. दोघींचं महिन्याभराचं काम पुसलं गेलं, दोघी डोळे पुसत गेल्या, आणि बाई मालकांना म्हणाल्या, ‘‘हे खायचं काम नाही हो.’’

घर धाकट्या भावाचं. लग्न झालं नाही, का झालं नाही याची चर्चाही आता थांबली होती. भावजय त्यांना पहिलं ताट वाढायची. ‘ताईंनी एक दिवस रजा टाकली तर कारखान्याला कुलूप लागतं,’ असं ती शेजारणींना सांगायची. बाई तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवायच्या, पण घास सावकाश चावायच्या.

मालक थकले आणि त्यांची लेक कारखाना बघू लागली. पस्तिशीची, बोलणं हळू, आवाज कधी चढायचा नाही. पहिल्याच महिन्यात तिनं एक नवा संगणक आणून बाईंच्या खोलीत ठेवला. त्यात नवी सिस्टीम, आणि बाई डिझाईनसाठी वापरत त्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती.

‘‘बाई, मला यातलं काही कळत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तीन आठवडे दोन्ही चालवून बघा. तीच लेबलं इकडेही करा, तिकडेही करा. बदलण्यात अर्थ आहे की नाही, ते मला लिहून द्या. तुम्ही लिहाल तेच होईल. मागाच्या बाजूनं मिस्त्री तुमच्यासोबत असतील.’’

मिस्त्री म्हणजे मागांचा जुना कारागीर. साठीला टेकलेला, मागांच्या खडखडाटानं एका कानानं ठार बहिरा आणि दुसऱ्यानं निम्मा. बाईंना या कामात त्यानंच आणलं होतं. तेव्हा त्या ऑफिसातल्या एका हिशेबनीस बाईंच्या हाताखाली पत्रं टाईप करायच्या. ‘हिची नजर बघा मालक, हिला धागा दिसतो,’ असं म्हणून त्यानं त्यांना मागाशेजारी उभं केलं, उभ्या धाग्यांचा ताणा कसा आणि आडव्या धाग्यांचा बाणा कसा ते बोट धरून शिकवलं. खिशात त्याचं धागे मोजायचं भिंग असायचं. बोलताना ते तो अंगठ्यानं चोळायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी नव्या संगणकावर एक अवघड लेबल घेतलं. चित्र उघडलं. जाळं आपोआप पडलं, ठिपके आपोआप भरले. बाईंनी सात ठिकाणी दुरुस्ती केली. घड्याळात बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती. मागावर लेबल विणून आलं, ते त्यांच्या दीड दिवसाच्या कामापेक्षा सुबक होतं. कोपऱ्यातलं पान तर असं उतरलं होतं, की त्यांना तेवीस वर्षांत तसं जमलं नव्हतं.

मिस्त्री लेबल उजेडात धरून हसला. ‘‘सुटलीस तू!’’ तो ओरडून म्हणाला. त्याला सगळंच ओरडून बोलायची सवय. ‘‘डोळे तरी वाचतील तुझे!’’

बाईंनी पुन्हा घड्याळात बघितलं. चाळीस मिनिटांचं काम. हे कोणीही करील. उद्या ती हिशेबनीस जेवणाच्या सुट्टीत करील.

आठवडाभर त्यांना घास गोड लागला नाही. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, मिस्त्री जेवायला गेला असताना, त्यांनी नव्या प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला. एका सेंटिमीटरात बाण्याचे किती धागे बसवायचे, तो आकडा. माग तो संगणकाकडूनच घेतो. अडतीस होता, बाईंनी चव्वेचाळीस केला.

दुपारनंतर मागावर लेबल ताठ पुठ्ठ्यासारखं यायला लागलं. गोल अक्षरं चेपून अंड्यासारखी झाली. दोनदा ताण्याचे धागे तुटले, एकदा सुई मोडली. मिस्त्रीनं अख्खा माग खोलला. तीन दिवस तो पाठीवर झोपून मागाखाली होता. हात तेलानं काळे, कपाळावर खोक.

‘‘माग चोख आहे,’’ तो म्हणाला. ‘‘वरून काहीतरी चुकीचं येतंय. तू बघ ना जरा.’’

‘‘मी बघितलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सगळं बरोबर आहे.’’

मालकांच्या लेकीनं बाईंना बोलावलं. ‘‘दोष संगणकाचा असेल तर विकणाऱ्याचा माणूस येऊन तपासून जाईल. बोलावू का?’’

माणूस आला असता तर पाच मिनिटांत तो आकडा त्याच्या नजरेत आला असता. ‘‘संगणकाचा म्हणता येणार नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आपले माग नीट राखलेले नाहीत. जुनी सिस्टीम सांभाळून घेते, नवी घेत नाही.’’

‘‘माग नीट राखलेले नाहीत, असं लिहून द्याल?’’

बाईंनी दोन पानं लिहिली. नवी सिस्टीम आणण्यात अर्थ नाही. जुनी भरवशाची आहे. मागांची निगा समाधानकारक नाही, आणि वयोमानानं मिस्त्रींना मागाचा आवाज ऐकू येत नसल्यानं दोष वेळीच लक्षात येत नाहीत. हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण लिहिताना हात थांबला नाही, आणि खरं सांगायचं तर वाक्य चांगलं उतरलं म्हणून त्यांना थोडं बरंही वाटलं.

अहवालातली ती वाक्यं वाचून दाखवून मिस्त्रीला महिन्याच्या अखेरीस कामावरून निरोप देण्यात आला. नवा संगणक परत गेला.

हत्यारं न्यायला तो आला तेव्हा बाईंच्या दारात उभा राहिला. हातात त्या ताठ लेबलांपैकी एक होतं.

‘‘चव्वेचाळीस,’’ तो म्हणाला. या खेपेला ओरडून नाही, अगदी हळू. ‘‘मी भिंगाखाली मोजले. तीनदा मोजले.’’

बाईंनी लेबलाकडे न बघता कीबोर्ड पुढे ओढला.

‘‘मॅडमना सांगणार आहात?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कशाला? सांगितलं तर तुला काढतील आणि तू मोकळी होशील.’’ त्यानं लेबल टेबलावर ठेवलं. ‘‘तुला हाच संगणक पाहिजे होता ना? बस त्याच्यासमोर. डोळे फुटेपर्यंत बस.’’

आणि तसंच झालं. गिऱ्हाईकांना आता लेबल दुसऱ्या दिवशी हवं असायचं, कारण बाकीचे कारखाने देत होते. बाई सकाळी आठला येऊन संध्याकाळी आठला उठू लागल्या. जुना संगणक आठवड्यातून एकदा मान टाकायचा, आणि त्याच्यासोबत दोन-तीन दिवसांचं काम जायचं. डोळ्यांसमोर ठिपके नाचायचे. पडद्यावरचे कुठले आणि डोळ्यांतले कुठले हे कळेना. वर्षभरानं त्या स्वतःच मालकांच्या लेकीकडे गेल्या.

‘‘मॅडम, आता नवी सिस्टीम घ्यायला हवी.’’

तिनं कपाटातून दोन पानं काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. ‘‘तुम्हीच तर लिहिलंय, बाई. तुमच्या शब्दावर मी एका माणसाला घरी पाठवलं. आता तुमचा शब्द खोटा कसा मानू?’’ आवाज नेहमीसारखाच हळू होता. तिला कळलं होतं की नाही, हे बाईंना त्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर दोनदा त्या गेल्या, दोनदा तीच पानं पुढे आली.

मग एका सुट्टीच्या दिवशी बाई मिस्त्रीच्या घरी गेल्या. तळमजल्याची खोली, समोर सामाईक अंगण, तिथे चार बायका कपडे वाळत घालत होत्या. मिस्त्री उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसला होता. त्यानं त्यांना आत बोलावलं नाही.

‘‘मिस्त्री, तुम्ही एकदा येऊन मॅडमना सांगा, की नवी सिस्टीम मागावर चालत होती. तुमचं त्या ऐकतील.’’

त्यानं कानामागे हात धरला. ‘‘काय?’’

‘‘नवी सिस्टीम चालत होती!’’

‘‘मोठ्यानं बोल. वयोमानानं मला ऐकू येत नाही.’’

बायकांचे हात थांबले. बाई उंबऱ्याच्या आणखी जवळ गेल्या. ‘‘सिस्टीम चांगली होती! मी आकडा बदलला! मी खोटं लिहिलं तुमच्याबद्दल!’’

‘‘एकदा परत म्हण.’’

‘‘मी खोटं लिहिलं!’’ बाई ओरडल्या. आवाज फाटला.

मिस्त्रीनं हात खाली घेतला. ‘‘पहिल्यांदाच ऐकू आलं होतं,’’ तो म्हणाला, आणि खुर्ची उचलून आत गेला. तो काही आला नाही.

पुढच्या सहा महिन्यांत जुना संगणक कायमचा गेला. कोणी रडारड केली नाही. डिझाईनं बाहेरून करून घ्यायची व्यवस्था महिनाभर आधीच झाली होती, फक्त बाईंना ती सांगितली नव्हती. मालकांच्या लेकीनं त्यांना पुष्पगुच्छ दिला आणि खोलीची किल्ली मागून घेतली.

घरी बाईंनी सांगितलं की आपणच सोडलं. भावानं मान हलवली. पंधरा दिवसांनी भावजय म्हणाली, ‘‘ताई, दिवसभर घरातच आहात तर सकाळचं दूध तुम्हीच आणत जा,’’ आणि त्या पिशवी घेऊन गेल्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला लेबलांचा एक मोठा कारखाना होता. तिथे डिझाईनला माणूस हवा आहे असं कळल्यावर बाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. तिथल्या मुख्य डिझायनरनं त्यांना संगणकासमोर बसवलं. तीच नवी सिस्टीम, तोच प्रोग्राम. त्यानं एक फुलांचं लेबल दिलं. पहिली पाच मिनिटं बोटं कळा शोधत राहिली. मग ते तीन आठवडे हाताला आठवले. अर्ध्या तासात लेबल झालं, आणि पाकळ्यांच्या कडेला बाईंनी अशी दुरुस्ती केली, की तो माणूस खुर्ची ओढून जवळ आला.

‘‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’’

‘‘आमचे एक मिस्त्री होते,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुमच्यासारखं माणूस मी वर्षभर शोधतोय. एक फोन करून घेतो फक्त, जुन्या ठिकाणी. पद्धत असते.’’

तो खिडकीपाशी जाऊन बोलला. बाईंना तिकडचा आवाज येत नव्हता, पण बोलणारी हळू बोलत असणार हे त्यांना माहीत होतं. तो ‘हो का’ म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा ‘हो का’ म्हणाला. मग त्यानं एकदा पडद्यावरच्या फुलांकडे बघितलं आणि बाईंकडे पाठ केली.

परत आला तेव्हा तो बसला नाही. ‘‘त्या म्हणतात, तुम्ही फार प्रामाणिक आहात,’’ तो म्हणाला. ‘‘पण ही सिस्टीम वापरण्यासारखी नाही, असं तुम्ही लेखी दिलंय म्हणे. आणि आमचं तर सगळं यावरच चालतं.’’

बाईंनी पडद्याकडे बघितलं. आत्ता केलेलं लेबल समोरच होतं, त्याच सिस्टीमवर, अर्ध्या तासात. पण मग तो अहवाल कसा लिहिला गेला, हे सांगावं लागलं असतं, आणि एका अंगणात ओरडून झाल्यावर त्यांच्याजवळ आता तेवढा आवाज उरला नव्हता.

‘‘तेव्हा माझं तसं मत होतं,’’ त्या म्हणाल्या.

त्यानं त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी ते उभ्यानंच पूर्ण प्यायलं, पेला कागदांवर ओल उमटू नये म्हणून कडेला ठेवला आणि परतीची बस कुठून मिळते ते विचारलं.