बरा झालेला खांदा

शेवटच्या दिवशी सकाळी बायकोने मला शर्ट घातला, रोजच्यासारखाच. आधी उजवा दुखरा हात बाहीत, मग पाठीमागून फिरवून डावा, मग गुंड्या. शेवटची गुंडी लावून झाल्यावर तिने उजव्या खांद्यावर थाप मारली. चांगली जोरात मारली. मी कळवळायचं विसरलो.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"सुई लागू पडनी वाटस तुमले."

"कसानी लागू पडनी? तसंच दुखस," मी म्हणालो.

तिच्याशी माझं हेच शेवटचं बोलणं. आणि ते खोटं होतं.

खांदा धरला कापूस वेचणीच्या दिवसांत. हात छातीच्या वर जाईना. रात्री त्या कुशीवर वळलो की जीव जायचा. शेजारी म्हणायचे, ती स्टिरॉइडची सुई घेऊ नको, हाडं विरघळतात. बायको म्हणाली, न घेता तरी काय करतो आहेस, कण्हतोच आहेस ना. प्रकाशा गावाजवळचा नदीचा पूल ओलांडून आम्ही एस.टी.ने नंदुरबारला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने आधी साखर तपासली, ती नव्हती. मग सांध्यात सुई दिली. म्हणाला, दोन दिवस जास्त दुखेल, घाबरू नका. नुसत्या सुईवर राहू नका, रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा.

उठताना त्याचं लक्ष तिच्या चालण्याकडे गेलं. ती टाच टेकवत नव्हती. त्याने टाच दाबून पाहिली, मऊ चप्पल वापरायला सांगितली, पोटरी ताणायचा व्यायाम दाखवला. "दोन महिन्यांनी बाबांचा खांदा दाखवायला याल, तेव्हा तुमची टाच पुन्हा बघू. नाही उतरली तर तिथेही सुई देता येते."

ती खूश झाली. गाडीत म्हणाली, "आते दोन्ही जण टाप व्हई जासूत."

ओसरीच्या भिंतीवर मी बोटं चढवायचो. जिथपर्यंत हात जाई, तिथे ती माझ्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने लावायची. आठवड्याला एक खूण, वर वर चढत गेलेली. महिना सव्वा महिन्यात हात मोकळा झाला. एके दिवशी ती विहिरीवर गेली असताना मी आढ्याजवळची खुंटी गाठली. काही दुखलं नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर बोटं चढवली ती जुन्या खुणेच्या खालीच थांबवली आणि तोंड वाकडं केलं.

का, ते सांगतो. आमच्या घरात नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांना हात लावत नसत. आईबाप होते तोवर नाही, मग पोरं मोठी झाली, मग सून आली. आणि आता रोज सकाळी ओसरीवर, सगळ्यांदेखत, ती माझ्या गळ्याशी उभी राहून गुंड्या लावायची. शेजारीण एकदा कुंपणावरून ओरडली, "काय ओ, म्हतारपणमा नवरदेव सजवी ऱ्हायनी का?" तर ही म्हणे, "नवरदेवनं आंग आखडेल शे माय, काय करू!" मला ते गोड वाटायचं.

पण नुसतं गोड वाटणं नव्हतं ते. आळसही होता. खांदा दुखतो म्हटल्यावर म्हशीचा चारा आणायचं काम माझ्याकडून सुटलं. मुलगा पहाटेच साखर कारखान्यावर कामाला जायचा, सुनेला लहान लेकरू. मग भारा तीच आणायची. सकाळी खाटेवरून उठली की पहिली चार पावलं ती भिंत धरून, चवड्यावर टाकायची. मी पडल्या पडल्या ऐकायचो. ऐकायचो आणि पडून राहायचो.

दोन महिने झाले. ती म्हणाली, जाऊ या ना दाखवायला. डॉक्टरने हात वर केला असता तर लगेच कळलं असतं. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. मग म्हणालो, लग्नसराई आहे, गाडीला गर्दी. स्वतःच्या टाचेसाठी चला असं म्हणणाऱ्यातली ती नव्हती.

त्या दिवशी मला शर्ट घालून ती चाऱ्याला गेली. आली, भारा टाकला, पाणी प्यायली आणि गोठ्याच्या दाराशी बसली ती उठली नाही. हार्ट अटॅक, असं लोक म्हणाले. भाऱ्याने गेली असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. पण भारा माझा होता.

दुपारनंतर तिरडी बांधली. उचलायला घरचे चौघे पुढे झाले. मीही एक पाऊल टाकलं. मुलगा म्हणाला, "आप्पा, तुम्ही ऱ्हाऊ द्या. तुमना खांदा दुखस."

सगळं गाव उभं होतं. हात वर गेला असता तर सगळ्यांना कळलं असतं की म्हातारा बायकोकडून फुकट सेवा करून घेत होता. मी "हां" म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. डाव्या हाताने उजवा खांदा धरला, खरं वाटावं म्हणून. आणि तसाच धरून नदीपर्यंत तिच्यामागे चालत गेलो. सून कुणाला तरी म्हणाली, बघा, किती दुखत असेल आप्पांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा माझा शर्ट घेऊन आला. बाही धरून उभा राहिला. बसायला आलेली माणसं ओसरीवर भिंतीला टेकून होती. मी एकाला म्हणालो, जरा सरक. भिंतीवर बोटं ठेवली आणि चढवत नेली. तिची शेवटची चुन्याची खूण आली, ती ओलांडली. हात सरळ होईपर्यंत वर नेला.

"महिना होऊन गेला, खांदा बरा आहे," मी म्हणालो.

मुलाने शर्ट माझ्या हातात दिला. दिला म्हणजे जवळजवळ टाकला. म्हणाला, "म्हशीले आज चारा नई."

मी शर्ट घातला, गुंड्या लावल्या, विळा घेतला आणि शेतात गेलो. घास कापला. भारा उजव्या खांद्यावर घेऊन गावातून घरी आलो.