मूळ हिब्रूत 'जा' कसं म्हणतात

माझ्या वडिलांना देवाने घर सोडून जायला सांगितलं, आणि ते खरंच सांगितलं की काय, याची शहानिशा करायचं काम आईने माझ्याकडे सोपवलं.

त्याला कारण होतं. त्या काळात मी हिब्रू शिकत होतो. (एक जुनं व्याकरण, एक फाटका कोश आणि गोंदियातलं एक सायबर कॅफे, एवढ्या भांडवलावर!) बी.ए. होऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरी लागत नव्हती, आणि "सध्या काय करता?" या प्रश्नाला "हिब्रू" असं उत्तर दिलं की समोरचा माणूस पुढचा प्रश्न विसरतो, असा मला अनुभव होता. कुणी बायबलचं वचन म्हटलं रे म्हटलं, की मी मध्येच तोंड घालायचो, "मुळात तसं नाही." मुळात कसं आहे ते मलाही ठाऊक नसायचं. पण तसं नाही, एवढं पक्कं!

आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी उपासनेत टोपली फिरते. तिच्यात वचनांच्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटून एक उचलायची, आणि जे वचन हाती येईल ते वर्षभर आपलं. पुरुषांची टोपली वेगळी, बायकांची वेगळी. आईला दरवर्षी शांतीचंच वचन येतं आणि घरी येऊन पदर खोचेपर्यंत ते मोडतं. त्या वर्षी मी काही गेलो नाही. भाषांतराच्या चिठ्ठ्या उचलणं मला कमीपणाचं वाटत होतं. (शिवाय थंडी फार होती.)

बाबा रेल्वेतले निवृत्त गार्ड. हिरवा झेंडा दाखवायचा, कारण सांगायचं नाही, हा स्वभाव नोकरी संपली तरी गेला नव्हता. चर्चमधून आले, स्कूटर लावली, चष्मा पुसला आणि खिशातली चिठ्ठी मोठ्याने वाचली. अब्राहामाला देवाने जे सांगितलं तेच वचन : आपला देश, आपले नातलग, आपल्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. चिठ्ठी घड्याळामागे खोचली, आणि स्टूल घेऊन माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली.

"काऊन वो, पेटी कायले काढली?" आईने विचारलं.

"वचन आलं ना. जावं लागते."

"कुठं?"

"पाहू. तो दाखवीन म्हणते ना!"

आई पिठाच्या हातांनीच खाली बसली. "मी नाही येत बापा कुठंच! आताच सांगून ठेवते!"

"तुले कोण म्हणते ये म्हणून?" बाबा म्हणाले आणि पेटीवरची धूळ झटकायला लागले.

झालं! घरात रडारड सुरू झाली. आईने मला मागच्या अंगणात ओढलं. "डोंगरगड झालं, आमगाव झालं, नागभीड झालं. जनमभर क्वार्टर बदलू बदलू जीव गेला माहा. आता कुठं कुडव्यात आपलं घर झालं. अजून मागच्या भिंतीले प्लॅस्टर नाही, पपई आता कुठं लागून राहिली, अन् हा माणूस मले टाकून चालला! तू पाय बरं तुया त्या हिब्रूत. कुठंतरी 'नोको जाऊ' असंल!"

"आई, मूळ संहितेत असं आपल्या सोयीने शोधता येत नाही."

"मंग इतके दिवस लाइट कायले जाळला?"

मी सायकल काढली.

सायबर कॅफेत त्या वचनाचं पान उघडेपर्यंत दोनदा वीज गेली. तिसऱ्यांदा एकदाची अक्षरं दिसली. कॅफेवाला माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"भैया, ये उर्दू है क्या?"

"नहीं, हिब्रू है."

"अच्छा! कौन से व्हर्जन में चलता है?"

पान छापून घेऊन घरी आलो, तर फाटकात आमच्या शेजारच्या मेश्राम काकू आईचं सांत्वन करत उभ्या. त्यांनी माझ्या हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. (दोन्हीकडून तो त्यांना सारखाच दिसला. खरं सांगायचं तर मलाही.) म्हणाल्या, "आमच्या विहारात पालीत म्हणतेत, आमाले बी अर्धंच समजते. पण कोणी पेटी नाही भरत, बापा!"

मी कोश घेऊन बसलो. घरात कुणालाच चैन नव्हतं. बाबा व्हरांड्यातून फाटकापर्यंत जायचे, मनगटावरचं घड्याळ पाहायचे, परत यायचे. आई स्वयंपाकघरातून पेटीपर्यंत यायची, आत डोकावायची, नाक पुसत परत जायची. आणि मी उजवीकडून डावीकडे सरकत होतो. 'लेख लेखा' या पहिल्या दोन शब्दांनीच मला घाम फोडला. पहिला म्हणजे 'जा'. दुसरा म्हणजे 'तुझ्यासाठी', 'तुझ्या भल्यासाठी'. पुढे देश, गणगोत आणि शेवटी 'बेथ' म्हणजे घर, 'आव' म्हणजे बाप. बापाचं घर. 'नको जाऊ' कुठेच नव्हतं!

आता शहाण्या मुलाने काय केलं असतं? कोश मिटला असता, आणि "बाबा, मुळात 'बसा' असं आहे," असं ठोकून दिलं असतं. आईचा जीव भांड्यात पडला असता. पण मला आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खी ओळ लागली होती! ती गिळून टाकणं माझ्याने झालं नाही. मी तडक बाबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, मराठीत फारच मऊ केलंय. मुळात हे कडक आहे. नुसतं 'जा' नाही, 'तुझ्या भल्यासाठी जा'. आधी देश सोड, मग गणगोत, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जड, ते बापाचं घर. टप्प्याटप्प्याने आवळत आणलंय!"

बाबांचा चेहरा उजळला. माझ्या हिब्रूवर त्यांचा चेहरा उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता. "म्हणजे राहता येत नाही?"

"अजिबात नाही!"

"पक्कं सांगून राहिला? मंग पुन्हा फिरवशील."

"बाबा, मूळ आहे ते. त्याला कोण फिरवणार?"

"वा, बेटा!" ते म्हणाले, आणि स्कूटर काढून बाजारात गेले.

आईने दारामागून सगळं ऐकलं होतं. "पोट्ट्या, तुले गाडी थांबवाले सांगतलं होतं! तू तं डबल इंजन लावून राहिला!"

बाबा बाजारातून नवा टॉवेल, स्टीलचा डबा, बॅटरी आणि दोन तयार पँटी घेऊन आले. आईने एक पँट उलगडून त्यांच्या कमरेला लावून पाहिली. ती त्यांच्या पायांच्या पुढे चांगली वीतभर लोळत होती.

"हे तं लांब होते!"

"होऊ दे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच समजावलं, "आई, माणूस श्रद्धेने निघाला की अशा गोष्टींकडे बघत नाही." (मी बाबांपेक्षा वीतभर उंच आहे, ही गोष्ट त्या क्षणी घरातल्या एकाही विद्वानाला आठवली नाही!) संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "उशी द्यावी का गा पेटीत?" मी म्हणालो, "अब्राहामाला कुठे होती उशी, बाबा?" त्यांनी मान डोलावली आणि उशी काढून ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी घरी निरोपाची प्रार्थना ठरली. पास्टरसाहेब आले, मंडळीतली चार घरं आली, मेश्राम काकू लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन आल्या. आई एका कोपऱ्यात डोळे सुजवून बसली होती. तिच्याकडे पाहून मलाही भडभडून आलं. या वयात बाबा एकटे कुठे जाणार, गोळ्या कोण देणार, आणि आई त्या घरात एकटी कशी राहणार? पण तेवढ्यात पास्टरसाहेब म्हणाले, "आपल्या हिब्रूच्या अभ्यासकांनी वचनावर दोन शब्द बोलावेत," आणि मी दुःख बाजूला ठेवून उठलो. दोन शब्दांवर चांगला अर्धा तास बोललो! जो जाणार नाही त्याने वचन मोडलं, जो उद्यावर ढकलेल त्याने देवाला ताटकळत ठेवलं, असं बरंच काही, जे कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही, तेही मी मुळातलं म्हणून सांगितलं. बाबा प्रत्येक वाक्याला "आमेन" म्हणत होते.

मग सगळे उभे राहिले. पास्टरसाहेबांनी डोळे मिटले, हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

मला वाटलं, चुकले बिचारे. मी अदबीने त्यांचा हात धरला आणि शेजारी उभ्या बाबांच्या डोक्यावर नेऊन ठेवला. बाबांनी तो उचलला आणि परत माझ्या डोक्यावर आणला. मी पुन्हा नेला. त्यांनी पुन्हा आणला. पास्टरसाहेबांनी एक डोळा उघडला.

"तिथंच राहू दे ना गा!" बाबा खेकसले.

"अहो, पण जाताय तुम्ही!"

"मी कायले जाऊ? उपासनेले जो येत नाही, त्याची चिठ्ठी घरच्यानं उचला लागते. मी दोन उचलल्या. माह्यात आलं, 'देशात वस्ती कर', म्हणजे आहे तिथंच राह्य. हे घर सोडाचं वचन तं तुयं आहे!"

आईने पदर डोळ्यांवरून खाली घेतला. "मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"कोण चाललं म्हणून कोणी विचारलं? तू विचारलं, कुठं. मी म्हटलं, पाहू. आता पाहलं. नागपूरले याच्या आत्याच्या वळखीनं छापखान्यात जागा आहे, प्रूफं वाचाची. आजच्या पॅसेंजरनं निघाचं आहे."

मी मोठ्या आशेने आईकडे वळलो. एवढे दिवस 'जाऊ नका' म्हणून रडणारी माझी सख्खी आई! ती केव्हाच स्वयंपाकघरात पोचली होती, आणि लोणच्याच्या बरणीचं तोंड फडक्याने बांधत होती. वर मेश्राम काकूंना हसत सांगत होती, "पँटी तं मले तवाच लांब वाटल्या होत्या!"

"बाबा," मी घसा साफ केला, "तसं पाहिलं तर मुळात 'जा' या शब्दाच्या आणखी काही छटा..."

"हिब्रूत झालं ना तुयं?" बाबा पेटीला कुलूप लावत म्हणाले. "आता मराठीत निघ."

स्टेशनवर मला रडू आवरलं नाही. बाबा मात्र फलाटावर ताठ उभे होते. गाडी हलली तसा त्यांनी खिशातला रुमाल काढून वर धरला, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एक गाडी वेळेवर सोडल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं.

आजही नागपुरात कुणी एखाद्या वचनाचा मूळ अर्थ विचारायला येतं. मी सांगतो, अगदी आनंदाने सांगतो. फक्त त्याआधी, चिठ्ठी नक्की कोणाची आहे, ते तीनदा विचारून घेतो!