एकाच मडक्याची दोन मापं

पेणमध्ये माती म्हटली की लोकांना गणपती आठवतो. आमच्या रामवाडीतले कुंभारकाका मात्र चाकावरचे. त्यांचे दोन्ही भाऊ गणपतीच्या कारखान्यात गेले होते. घरोघर स्टीलची भांडी आल्यावर काकांच्या चाकावर उन्हाळ्यात माठ आणि संक्रांतीला सुगडं, एवढंच उरलं होतं. त्या वर्षी त्यांनी काकूंना सांगून टाकलं होतं, की पाऊस लागायच्या आत चाक उचलायचं आणि भावाकडे रंगकामाला जायचं.

त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या एका संग्रहालयातल्या बाई त्यांच्याकडे आल्या. घाटावर कुठेतरी खोदकामात फार जुनी भांडी सापडली होती. खरी भांडी काचेआड राहणार. मुलांना हातात घेऊन बघता यावीत म्हणून बाईंना तशीच पाच भांडी हवी होती. मापं मात्र तंतोतंत पाहिजेत. पसंत पडली तर दरवर्षी काम मिळणार होतं. बाईंनी मापांचे कागद दिले आणि नमुन्याला एक खरं खापर ठेवलं, बाहेरून तांबडं, आतून आणि काठाला काळं.

काकांनी खापर उलटसुलट करून पाहिलं. "हे उपडं भाजलंय. तोंड तुसात पुरून," ते म्हणाले, आणि एखादा सोयरा भेटल्यासारखे हसले. चाक उचलायची गोष्ट त्या दिवसापासून त्यांनी काढली नाही.

कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा रोज पेणहून रोह्याला कंपनीत जात असे. तयार भागांची मापं तपासायची, ही माझी नोकरी. काकांना मिलिमीटर नको होते, काठ्या हव्या होत्या. उंचीची एक, तोंडाची एक, पोटाची एक, अशा पाच भांड्यांच्या पंधरा काठ्या मी बांबूच्या तासून दिल्या.

माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, हे मला ठाऊक होतं. किती, ते मी स्वतः काढलं होतं. काकांच्या मातीची एक ओली वडी घेऊन तिच्यावर शंभर मिलिमीटरची रेघ ओढली आणि ती त्यांच्या माठांबरोबर भाजून घेतली. रेघ नव्वद भरली. त्या हिशेबाने सगळ्या काठ्या मी वाढवून कापल्या. मोठ्या मडक्याची उंची कागदावर एकशे ऐंशी होती, काठी दोनशेची केली. वडी कशाला, ते काकांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. काठ्या घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या मडक्याच्याच ना?"

"मडक्याच्याच," मी म्हणालो.

भट्टी उघडली तेव्हा मी कामावरून आलो होतो. पाचही भांडी अखंड निघाली. काठ काळेभोर, पोट तांबडं. काकांनी राख फुंकून मोठं मडकं जमिनीवर ठेवलं आणि उंचीची काठी त्याला लावून उभी केली. काठी आणि काठ एका रेषेत.

"बघ! केसाचा फरक नाय," ते काकूंना म्हणाले.

भाजलेलं मडकं काठीला जुळायला नको होतं. ते काठीपेक्षा दोन सेंटिमीटर बुटकं निघायला हवं होतं. मी खिशातली पट्टी लावली. दोनशे.

"काका, तुम्ही ओलं असताना काठीपेक्षा मोठं काढलंत?"

"मंग? चाळीस वर्षं काढतोय. माती बसते तेवढी सोडूनच काढायची."

मी सांगितलं, की ती जागा मी काठीतच सोडली होती. काकांनी मडक्याच्या काळ्या काठावरून एकदा अंगठा फिरवला.

काकू दारातून म्हणाल्या, "एकाच कालवणात दोघांनी मीठ टाकलंत. बायका बऱ्या, निदान एकमेकींना विचारतात तरी."

"मी विचारलं व्हतं," काका म्हणाले.

"काय विचारलंत? मडक्याच्याच ना! मंग काय परातीच्या?"

बाई यायला पंधरा दिवस होते. घडवायला दोन, सुकायला नऊ, भाजून निवायला दोन. तेरा. मी मांडून दाखवलं तेव्हा काका उठून माती मळायला गेलेही होते. नव्या काठ्या लागणार नव्हत्या. याच काठ्यांना ओलं मडकं जुळवायचं होतं, एवढंच.

पण ते एवढंच नव्हतं. दोन दिवस मी रजा टाकून चाकाशेजारी काठ्या घेऊन बसलो. काठीशी तोंड जुळलं, की मी "बस" म्हणायचो आणि त्यांची बोटं तरीही पुढे जायची.

"हात ऐकत नाय रे," ते म्हणायचे. "ह्याला वाटतं, मी विसरलो."

तीन मडकी मोडून परत मातीत गेली. चौथ्याला त्यांनी स्वतःच डावा हात झटकन उचलला, तापल्या तव्यावरून उचलावा तसा.

बाई आल्या. त्यांनी प्रत्येक भांडं मोजलं. मोठं मडकं एकशे ब्याऐंशी भरलं. माझा जीव त्या दोन मिलिमीटरांत अडकला होता. बाईंनी ते खापराशेजारी धरलं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हे काळं कसं साधलंत?" काका त्यांना तुसाचं सांगत बसले. मापाचा विषय पुन्हा निघालाच नाही. भांडी त्याच दिवशी मुंबईला गेली.

चुकलेल्या पाचांतलं मोठं मडकं आमच्याकडे आलं. त्यात अजून मीठ असतं. बायकोला ते नेमकं पुरतं.

पुढच्या वर्षी बाईंचं पत्र आलं. मुलांच्या हातून दोन भांडी फुटली होती, ती पुन्हा करून हवी होती, आणि आणखी चार नवी. मला वाचतानाच वाईट वाटलं. काका मात्र खूष.

"फुटली? मंग बरोबर झाली व्हती. फुटत नाय ते आमचं कसलं!"

त्यांनी कौलाखाली खोचलेल्या काठ्या काढल्या, माझ्यासमोर धरल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, ओल्याच्या की भाजल्याच्या?"

"ओल्याच्या," मी तितक्याच मोठ्यांदा सांगितलं.

आतून काकूंनी विचारलं, "नक्की ना?" आणि चाक फिरायला लागलं.