गुढीच्या आधीचा चैत्र

यंदा होळीनंतरच्या सप्तमीला धारच्या घरी आईचं श्राद्ध केलं. दक्षिणा पाचशे एक रुपये. हजर होते अप्पा, दादा, वहिनी, पंडितजी आणि देवासहून गेलेला मी. अप्पा, म्हणजे आमचे वडील, घरात होते, पण पाटाजवळ आले नाहीत.

“अजून गुढी उभारली नाही,” ते खाटेवरून म्हणाले, “आणि तुमचा चैत्र आला कुठून?”

“तिथी दरवर्षी मागेपुढे होतेच, अप्पा,” दादा म्हणाला. “कम्प्यूटरने काढलीय. याने साइट बनवलीय ना.”

“मग पानावरही कम्प्यूटरलाच बसव.”

वहिनी हसली. दादा हसला नाही.

आई दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये गेली, चैत्र वद्य सप्तमीला. तिथी कधी येते ते अप्पाच सांगायचे. गेल्या वर्षापासून ते गॅस चालू ठेवून विसरू लागले, नातवंडांची नावं चुकवू लागले. म्हणून घरातल्या सगळ्या तिथी मी एका साइटवर घातल्या. पुण्याला, बंगळुरूला गेलेल्या भावंडांनाही दिसाव्यात. मी कारखान्यात हिशेब बघतो. हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा हौसेने शिकलो, कारण तिचा कारभार हिशेबासारखाच कडक. तिच्यातला साइट-जनरेटर साध्या मजकुराच्या फायली घेऊन त्यांची तयार पानं बांधतो. महिन्याच्या जागी भलतंच काही पडलं, तर लिहिलेलं तपासणारा कम्पायलर पुढे सरकत नाही. पंचांगाचा तक्ता मी किराणा दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवरून भरला. एकही एरर आली नाही. मी निर्धास्त झालो.

आमचे मराठी गुरुजी वारल्यापासून जवळच्या तिरला गावचे हिंदी पंडितजी येतात. त्यांनीही संकल्पात चैत्रच म्हटला. म्हणजे चुकत होते ते अप्पाच.

त्याच आठवड्यात दादाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. “साहब, महीना कौन सा चल रहा है, ये भी नहीं मालूम,” त्याने सांगितलं. “आई के श्राद्ध में लड़ लिए.” डॉक्टरांनी गोळी वाढवली. अप्पा दिवसाही झोपू लागले. फोनवर नुसतं हं.

पाडव्याला देवासच्या घरी गुढीला कडुलिंब बांधताना बायको म्हणाली, “चला, चैत्र लागला.” मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि फाईल उघडली.

दुकानातलं ते कॅलेंडर हिंदी होतं. माळव्यातल्या हिंदी कॅलेंडरात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात नाव एकच असतं; वद्य पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे. त्यांचा चैत्र वद्य म्हणजे आपला फाल्गुन वद्य. पंडितजी त्यांच्या पंचांगाप्रमाणे बरोबरच बोलले होते. चैत्र हा महिना आहे, एवढं कम्पायलरने तपासलं होतं. कोणाचा, ते त्याला मी सांगितलंच नव्हतं.

दादाला फोन केला.

“म्हणजे अप्पा बरोबर होते?”

“हो.”

तो म्हणाला, “गोळी एकदम बंद नाही करता येत. विचारलं होतं मी.”

तक्ता दुरुस्त केला, सगळी पानं नव्याने बांधली. खऱ्या सप्तमीला आम्ही तेच सगळे पुन्हा जमलो. वहिनीने अप्पांना धरून पाटाजवळ आणलं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, “अप्पा, तुमचंच बरोबर होतं. गुढी झाली. आज चैत्र वद्य सप्तमी.”

“हो का?” ते म्हणाले. वाढलेल्या पानाकडे बघत राहिले, मग वहिनीला हळूच विचारलं, “कोणाचं आहे?”

वहिनीने सांगितलं. शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तशी त्यांनी मान हलवली.

पंडितजी दक्षिणा घेईनात. “भिया, एक बार ले चुका हूँ.” दादाने ती त्यांच्या पिशवीत घातली. पंडितजींना दुसऱ्यांदा पाचशे एक. आणि देवासला निघताना कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला अप्पांच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचे सातशे वीस.