बाईंसाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या शाळेला दोन फळे होते. एक वर्गात आणि एक बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून. बाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी एका मुलाने एक बातमी लिहायची. ही टूम माझीच. राजापूर तालुक्यातल्या त्या वाडीत मी पहिल्यांदा शिकवायला आले, तेव्हा ही पोरं इतकी लाजरी होती की नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायची. म्हटलं, बोलत नाही ना, मग लिहा. नियम एकच. बातमी म्हणजे घडलेली गोष्ट, आपल्या डोळ्यांनी बघितलेली. आपल्याला काय वाटलं ते लिहायचं नाही.

आणि काय एकेक बातम्या यायच्या! 'आमच्या म्हशीला रेडकू झाले. ते काळे आहे.' 'काजू वेचताना काकीला विंचू चावला. विंचू मेला.' शिमग्याच्या आधी तर फळ्याला उसंत नसायची, कारण मुंबईचे चाकरमानी उतरायला लागायचे. 'मुंबईचे काका आले. त्यांनी केस काळे केले आहेत.' ते काका दुसऱ्या दिवशी शाळेसमोरून जाताना टोपी घालून गेले. सकाळची एसटी फळ्यासमोर जरा हळू व्हायची, कंडक्टर मान बाहेर काढून वाचायचा आणि पुढच्या गावाला बातमी पोचवायचा.

मी कोल्हापूरकडची. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर. इकडची माणसं गात गात बोलतात, शब्दाचं शेपूट लांबवतात, आणि मी बोलायला लागले की त्यांना वाटायचं भांडण सुरू झालं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पहिल्या आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "बाय माजे, तू रागावलीस काय गो?" मी फक्त मीठ मागितलं होतं.

शाळा दोन शिक्षकी. गुरुजी तिथलेच, पोटातलं पाणी न हलणारे. मुलं अकरा. आणि माझी लेक कोल्हापूरकडे, माझ्या सासरी. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. नवऱ्याचा म्हशींचा गोठा, तो काही उचलून कोकणात आणता येत नव्हता, आणि भाड्याच्या एका खोलीत तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन शाळा करणं मला दोन महिन्यांतच झेपेनासं झालं. पोरीला तिकडे ठेवून आले. त्याला चार वर्षं झाली होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी कुणी "बाई, मुलंबाळं?" विचारलं की माझे डोळेच भरायचे. मग मी ठरवलं, विषयच नको. फक्त मावशींना माहीत होतं, कारण त्यांच्यापासून काही लपत नाही. वाडीत मोबाईलला रेंज शाळेमागच्या काजूखाली. मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन व्हिडिओ कॉल लावायचे. पोर आता पहिलीत. माझ्या जावेला ती 'आई' म्हणते आणि मला 'फोनवरची आई'. जावेवर राग नाही हो माझा. तिने पोर सांभाळलं, न्हाऊ घातलं, आजारपणं काढली. पण तो शब्द ऐकला की मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायचे. बदलीचा अर्ज मी भरलेला होता आणि त्या वर्षीची यादी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागेल असं सगळे म्हणत होते. या खेपेला नाव नाही आलं तर पोर माझी राहणार नाही, असंच मला वाटायला लागलं होतं.

तिसरीत एक मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, तेल चोपडलेलं कपाळ आणि घारीसारखी नजर. फळ्यासाठी तिच्याकडे बातमी नाही असा दिवस नसायचा. मी तिला वार्ताहर म्हणायचे. माझ्या डब्यातल्या ठेच्याला बोट लावून बघणारी आणि वर "एवढासाच तिखट?" म्हणणारी ती एकटीच. पुढच्या वर्षी चौथीत बाईच आपल्याला शिकवणार, आपण मॉनिटर होणार, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

सकाळची शाळा सुरू झाली होती. आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. एके दिवशी मी शाळेत आले तर बाहेरच्या फळ्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'काल बाई काजूखाली फोनवर रडल्या.'

माझं डोकंच सटकलं. फडक्याने फळा पुसला आणि तिला उभं केलं. "कुणी सांगितलं गं तुला हे लिहायला?"

"डोळ्यांनी बघितलं मी," ती म्हणाली. "घडलेला होता ना, म्हणून लिहिलं."

"माझ्या डोळ्यात कचरा गेला होता! कळलं? जा बस जागेवर."

ती बसली. पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. नियम माझा आणि खोटं बोलणारीही मीच. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं, 'शाळेमागे कचरा खूप झाला आहे.' गुरुजी बराच वेळ खोकत राहिले.

आता गाऱ्हाण्याचं सांगते. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते. अंगणात नाचते, मग पाटावर बसते, घरची बाई ओटी भरते आणि गावचे मानकरी देवापुढे त्या घराचं गाऱ्हाणं घालतात. म्हणजे त्या घराला जे हवं असेल ते देवाकडे मोठ्याने मागायचं. मानकऱ्यांनी एक मागणं म्हटलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मागणं पुरं होत नाही. शाळेची जागा देवस्थानाची, म्हणून शाळा हेही वाडीतलं एक घर धरतात आणि पालखी शाळेतही येते.

पहिल्या वर्षी हे बघून मी थक्कच झाले होते. वर्षभर ज्यांच्या तोंडून नाव निघत नव्हतं, तीच पोरं 'व्हय म्हाराजा' म्हणताना अशी ओरडली की कौलं थरथरली. अरे चोरांनो! एवढा आवाज कुठे लपवून ठेवला होता? दुसऱ्या दिवसापासून मी हजेरी घेताना सांगितलं, 'हजर' नको, 'व्हय म्हाराजा' म्हणा. गुरुजी जरा बिचकले, देवाची चेष्टा नको म्हणाले. मी सरळ मानकरी आजोबांच्या ओटीवर जाऊन विचारून आले. आजोबा सुपारी कातरत म्हणाले, "पोरं बोलतायत ना? मग बोलूं देत." तेव्हापासून हजेरी, पाढे, कविता, सगळ्याला 'व्हय म्हाराजा'. बारीक आवाजात म्हटलं तर मी परत म्हणायला लावायचे. चार वर्षं मी त्या शाळेतल्या गळ्यांना तालीम दिली.

त्या वर्षी पालखी आली तेव्हा साडेदहा वाजले असतील. ढोल-ताशांनी अंगण दणाणलं. मुलांनी आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं, एका बाजूला जास्त लोंबणारं. पालखी नाचली, पाटावर बसली, मी ओटी भरली. आजोबांनी नारळावर हात ठेवला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी पालखी शाळेच्या अंगणात आली हाय. हितली लेकरं तुजी हायत. त्यांका बरी बुद्धी दे, त्यांच्या वाटेवरचा काटा दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकराच्या अकरा ओरडली. मी कौतुकाने बघत होते.

"आणि ही घाटावरची बाय चार वर्सं तुज्या लेकरांका शिकवते हाय. तिची सोताची लेक तिकडे, ही हिकडे. मायलेकींची ताटातूट झाली हाय. तिची बदली तिच्या गावाक कर आणि मायलेकींका एका घरात नांदव म्हाराजा!"

मावशींकडे बघितलं तर त्या पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. मी देवाजवळ मनातल्या मनातही जे नीट मागितलं नव्हतं, ते या बाईने मानकऱ्यांच्या कानावर घातलं होतं, आणि आता ते अख्ख्या वाडीने, मुंबईहून आलेल्यांसकट ऐकलं होतं.

आणि पोरांनी काय केलं? सवयीने, मी शिकवलेल्या भरगच्च आवाजात, एका दमात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझ्या वार्ताहराचा. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूहळू तिला कळलं आपण कशाला हो म्हटलं ते. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पालखीकडे, आणि ती गर्दीतून मागे सरकत वर्गात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा. त्या वर्षात पहिल्यांदा. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि विचारलं, "बाई, व्हय म्हाराजा परत घेता येतं काय?"

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण अशा वेळी मला रागच येतो. म्हणाले, "कायतरीच काय विचारतेस? जा, शुद्धलेखन लिही." ती गेली, पण शुद्धलेखनाला नव्हे. सुट्टीनंतरही बाईसाहेबांचा पत्ता नाही. ती सरळ मानकरी आजोबांकडे गेली होती. परत आली तेव्हा धापा टाकत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आजोबा बोलले, सांगितलेला परत नाय घेता येत. आणि तुम्ही आम्हाला सांगितलं का नाय, तुम्हाला मुलगी आहे म्हणून?"

अकरा तोंडं माझ्याकडे वळली. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "चला सगळे काजूखाली."

कॉल लावला. जावेने पोरीच्या हातात फोन दिला. तिकडे शाळा सुटून ती नुकतीच घरी आली होती, ओठाला दुधाची मिशी. पडद्यावर एवढी डोकी बघून ती दचकली. इकडे माझी पोरं एकमेकांना ढकलत होती, कुणी बोलेना. पुन्हा आपली पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतायत! शेवटी वार्ताहर पुढे झाली.

"तू बाईंची मुलगी काय गो?"

"व्हय," माझी लेक म्हणाली. "तुम्ही कोण?"

"आम्ही बाईंची शाळा."

लेकीने जरा विचार केला. मग अगदी साध्या आवाजात, एखादी वस्तू मागावी तसं विचारलं, "मग तुमचं झालं की देशीला काय माझी आई?"

वार्ताहराने फोन माझ्या हातात दिला आणि फ्रॉकला हात पुसत राहिली. त्यानंतर परत घ्यायची गोष्ट तिने कधी काढली नाही. मी मात्र त्या दिवशी सगळ्यांदेखत रडले, कचरा-बिचरा काही म्हटलं नाही. पहिलीतल्या दोघांनी आपापले रुमाल दिले, दोन्ही शेंबडाने भरलेले.

पाडवा झाला. परीक्षा झाली. फळ्यावर पुन्हा बातम्या यायला लागल्या. 'रातांबे पिकले.' 'गुरुजी एसटीत झोपले आणि पुढच्या गावाला गेले.' मी रोज काजूखाली जाऊन यादी लागली का ते बघत होते, आणि नाही लागली की, खरं सांगते, मला रागही यायचा आणि सुटल्यासारखंही वाटायचं. या वाडीचा एवढा लळा लागेल हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

यादी लागली ती शनिवारी, शाळा सुटता सुटता. माझं नाव होतं. गाव माझ्या सासरपासून सहा किलोमीटरवर. मी काजूच्या बुंध्याला धरून उभी राहिले. मावशी खिचडीचं पातेलं तसंच टाकून धावत आल्या आणि "लागलं काय गो? लागलं काय?" म्हणत माझ्या गळ्यात पडल्या. आम्ही दोघी रडलो, हसलो, मग पातेलं करपल्याचा वास आला. मावशींना म्हटलं, कुणाला बोलू नका, मुलांना मी सोमवारी सांगणार होते. कसं सांगायचं याची दोन दिवस खोलीत बसून जुळवाजुळव केली. वाक्य काही जमेना.

सोमवारी सकाळी शाळेच्या वळणावर आले तर एसटी शाळेसमोर उभीच. एरवी हळू होणारी गाडी चक्क थांबलेली. कंडक्टर दारात उभा राहून वाचत होता, खिडक्यांतून माणसं वाचत होती. मुलं फळ्याखाली रांगेत उभी होती. वार्ताहराच्या बोटांना खडू लागलेला. रडून तिचे डोळे सुजले होते, पण अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं आणि बातमी नियमात चोख होती. घडलेली गोष्ट. आपल्याला काय वाटलं, त्याचा एक शब्द नाही.

'आमच्या बाईंची बदली झाली. आम्हीच मागितली होती.'